मठाची नवीन वेबसाइट : ४ स्टार, पाचवा कुठं गेला ते शेवटी

आधी एक सांगून टाकतो, मला दिसत नाही. जन्मापासून नाही, पडद्याचा आजार आहे, रेटिनायटिस पिगमेंटोसा, कॉलेजात असताना रात्रीचं दिसायचं कमी झालं मग बाजूचं गेलं मग समोरचं, आता खिडकी कुठंय एवढं कळतं. मोबाइलवर टॉकबॅक आणि घरच्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए, हे दोन्ही स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारे प्रोग्राम, या दोघांच्या आवाजावर माझं बँकेचं, रेल्वेचं, लाइट बिलाचं सगळं चालतं. तेव्हा हा रिव्ह्यू बघून लिहिलेला नाही, ऐकून लिहिलाय. साइट दिसायला कशी आहे ते मला विचारू नका, बायको म्हणते आधीपेक्षा मोकळी वाटते.

मठाचं नाव टाकत नाही कारण जुन्या साइटबद्दल वाईट लिहिणार आहे आणि मठ आपलाच आहे, लहानपणापासून तिथल्या दासोहात, म्हणजे अन्नदानात, जेवलोय. ज्यांनी नवीन साइट केली त्यांचंही नाव नको, दोन पोरं आणि एक पोरगी, एका जिन्यावर दहा बाय दहाचं ऑफिस, खाली झेरॉक्सवाला. ज्याला खरंच काम द्यायचंय त्याने मेसेज करा, नंबर देतो.

जुन्या साइटचं आधी. ती उघडली की आरती सुरू व्हायची, आपोआप, फुल आवाजात. दिसणाऱ्याला काय, म्यूटचं बटण दिसतं, दाबलं की संपलं. माझं काय व्हायचं, आरती आणि टॉकबॅक दोघं एकाच स्पीकरमधून बोलणार, म्हणजे म्यूटचं बटण शोधायला मला जो आवाज पाहिजे तोच आरतीखाली गाडला जायचा. घरात सगळ्यांसमोर देवाच्या आरतीला "बंद हो ना बे" म्हणायची पाळी आली होती माझ्यावर. आपोआप वाजणारा आवाज तीन सेकंदांच्या वर असेल तर तो थांबवायची सोय पाहिजेच, हा नियम वेबच्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये २००८ पासून लिहिलेला आहे, पण तो वाचतंय कोण.

आरती संपली की मेनू. "लिंक, लिंक, ग्राफिक तेवीस, लिंक." कसली लिंक ते नाही. मग सेवा बुकिंगचा फॉर्म, तिथं तर कमालच, "एडिट, रिकामं. एडिट, रिकामं. एडिट, रिकामं." नाव कुठं, फोन कुठं, गाव कुठं काही पत्ता नाही, कारण रकान्यांची नावं फक्त डोळ्याला दिसतील अशी वर लिहिलेली, त्या रकान्याला ती जोडलेलीच नव्हती. मी एकदा अंदाजाने भरला तर माझं नाव गावाच्या रकान्यात आणि गाव रकमेच्या रकान्यात गेलं. शेवटी चित्रातली अक्षरं ओळखून टाका. चित्रातली! तिथं संपलाच विषय.

आणि हे सगळं असताना साइटवर एक निळं गोल बटण होतं, दिव्यांग सुविधा म्हणून, माणसाचं चिन्ह असलेलं. कुणीतरी कमिटीला वर्षाच्या भाड्याने विकलेलं, की एक ओळ कोड टाका, साइट अॅक्सेसिबल, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येणारी. ते दाबलं की अक्षर मोठं होतं, रंग उलटे होतात, आणि एक बाई वाचून दाखवायला लागते. अहो माझ्याकडे वाचून दाखवणारा आहेच की, दिवसभर तोच ऐकतो मी! आता तीन आवाज झाले, आरती, टॉकबॅक आणि ही बाई. आणि रकाने अजून "एडिट, रिकामं"च. अमेरिकेत असं बटण विकणाऱ्या एका कंपनीला तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले, आमचं एका ओळीत सगळं नियमात बसतं असा खोटा दावा केला म्हणून. आपल्या कमिटीनं मात्र त्याचं दुसऱ्या वर्षाचं भाडं पण भरलं होतं.

बरं, वाईट कुणाच्या मनात नव्हतं हे पण सांगतो. मी जेव्हा जेव्हा बोललो तेव्हा एकच उत्तर, "अरे तू कशाला त्रास करून घेतो, फोन कर, आम्ही भरून टाकतो की तुझा फॉर्म." प्रेमानंच म्हणायचे. आणि मी फोन करायचो. अभिषेकाला फोन, वर्गणीला फोन, प्रत्येक वेळी भाच्याला नाहीतर ऑफिसातल्या काकांना माझा एटीएम पिन सोडून बाकी सगळं माहीत. किती रुपये दिले, कुणाच्या नावाने दिले, सगळं जाहीर. गुप्तदान नावाची गोष्ट आपल्याकडे आहे ना, ती माझ्या वाट्याला कधी आलीच नाही.

ठिणगी मात्र श्रावणात पडली. दर सोमवारी दासोहाला सेवेकरी लागतात, त्या वर्षी पहिल्यांदा नावनोंदणी साइटवर ठेवली, फोनवर घेणार नाही म्हणाले, शिस्त पाहिजे. बरोबर आहे, शिस्त पाहिजे. मी चार दिवस झटलो आणि नाही जमलं. त्याच साइटवर "दिव्यांग बांधवांना मदत" असं एक पान होतं, साडी वाटप, काठी वाटप, फोटो. ते पान उघडत होतं. म्हणजे घ्यायचं पान उघडतंय आणि द्यायचं पान उघडत नाही. हे मी महिन्याच्या मीटिंगला उभं राहून बोललो, जरा जास्तच बोललो, आवाज चढला.

सेक्रेटरी काकांनी विचारलं, कायद्याने लागतं का हे? लागतं म्हणलो. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात सेवा देणारा सरकारी असो का खाजगी, सोय करायचीय, आणि सुप्रीम कोर्टानं ३० एप्रिल २०२५ ला सांगितलंय की ऑनलाइन सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पण खरं सांगू का, मठात सतरंजीवर बसून कायदा काढायला मला जड गेलं, आपल्या घरात वकील आणल्यासारखं. काम झालं ते दुसऱ्याच गोष्टीनं. कॅशियर काका म्हणाले, असे लोक आपल्याकडे येऊन येऊन किती, दोन का तीन? मग तिथंच मोजलं. दोन आज्ज्या, मोतीबिंदू. एक काका, ऐकायचं मशीन घरी विसरून आलेले. एक आमचा दोस्त, पॉवरलूमवर होता, टॉवेलच्या कारखान्यात उजव्या हाताची दोन बोटं गेली, त्याला मोबाइलवरची बारीक बटणं लागत नाहीत, एक दाबायला गेला की दुसरंच दाबलं जातं. आणि स्वतः कॅशियर काका मोबाइल हात लांब करून वाचतात हे सगळ्या हॉलला माहीत होतं, पोरं हसायला लागली. पैसे मंजूर झाले.

तर आता त्या जिन्यावरच्या दुकानाचं. पहिल्या दिवशी गेलो तर पोरगं खुश, "मालक, लाइटहाउसला ९६ आलेत १०० पैकी!" हे लाइटहाउस म्हणजे क्रोममध्येच असतं, साइट तपासून मार्क देणारं. म्हणलं लई भारी, आता मी फॉर्म भरतो, तू गप्प बस आणि बघ. एनव्हीडीए फुकट मिळतो, तो त्याच्याच कॉम्प्युटरवर टाकला. मी माउस उपसला आणि त्याच्या टेबलाच्या खणात टाकला, स्क्रीन बंद केली, मॉनिटरचं बटणच दाबलं. फॉर्म भरला. नाव, फोन, गाव, तारीख, सगळ्याला आता लेबल होती, छान बोलत होती. सबमिट केलं. काहीच नाही. परत केलं. काहीच नाही. एरर पण नाही. ९६ मार्क आणि दार बंद.

अर्धा तास गेला शोधायला आणि जे सापडलं ते मी अजून सगळ्यांना सांगतो. चित्रातली अक्षरं काढून टाकली होती त्यांनी, चांगलं केलं, त्याच्या जागी एक फसवा रकाना ठेवला होता, स्क्रीनच्या बाहेर सरकवलेला, माणसाला दिसत नाही म्हणून माणूस भरत नाही, रोबोट प्रोग्राम सगळेच रकाने भरतो म्हणून तो भरतो, आणि जो भरेल तो रोबोट. हुशार आयडिया आहे, जगभर वापरतात. फक्त एनव्हीडीएला तो रकाना दिसत होता, "वेबसाइट, एडिट, रिकामं" म्हणून वाचला त्याने, मी आज्ञाधारक माणूस, त्यात मठाच्याच साइटचा पत्ता टाकला. आणि सिस्टिमनं मला रोबोट ठरवलं. ती पोरगी इतकी हसली आणि मग एकदम गप्प झाली, म्हणाली, "दादा, हे आम्ही अजून चार साइटवर टाकलंय." त्या चार पण दुरुस्त केल्या त्यांनी त्याच आठवड्यात, त्याबद्दल खरं तर एक जादा स्टार द्यायला पाहिजे. दुरुस्ती काय तर तो रकाना स्क्रीन रीडरपासून आणि टॅब बटणापासूनही लपवायचा, दोन शब्दांचं काम.

तारखेचं पण असंच. आधी एक कॅलेंडर उघडायचं, सुंदर म्हणे, तिथी सण सगळं असलेलं. मी टॅब दाबत आत गेलो तर बाहेरच येता येईना, गोल गोल, एक दोन तीन चार एकतीस, परत एक. आता कॅलेंडर आहेच पण बाजूला साधा रकाना पण आहे, तारीख आकड्यात लिहा, झालं. आत्या पण तोच वापरते, तिचे डोळे शाबूत आहेत, तिला कॅलेंडरच्या चौकोनांचा कंटाळा येतो.

भाषेचं मात्र खास सोलापुरी लफडं होतं. आमच्या मठात शरणसंतांची वचनं कन्नडमध्ये, सूचना मराठीत, आणि पेठेतले बरेच पद्मशाली येतात, त्यांच्यासाठी एका पानावर तेलुगूही. माणसाला यात काही वाटत नाही, आपण एका वाक्यात तीन भाषा बोलतो. पण मशीनला सांगावं लागतं की हा तुकडा कुठल्या भाषेत आहे, पानाच्या कोडमध्ये एक छोटी खूण असते, मराठीला एमआर, कन्नडला केएन, तेलुगूला टीई, तिच्यावरून स्क्रीन रीडर आवाज बदलतो. जुन्या साइटवर अख्खी साइट इंग्लिश म्हणून लावलेली! म्हणजे मराठीला गोऱ्याचा आवाज यायचा, "श्री" पण धड नाही, आणि मी हाताने मराठी आवाज लावला तर कन्नड लिपी आली की तो सरळ पुढच्या मराठी ओळीवर उडी मारायचा. पोरांना हे कळलं तेव्हा त्यांनी सगळ्या पानांवर तुकडा तुकडा खूण लावली. आणि मग जे झालं ते सांगतो, वचनांचं पान उघडलं, मराठी बाई अर्थ सांगत होती आणि मध्येच कन्नड आवाज सुरू झाला, यंत्राचाच, भावनाबिवना काही नाही त्यात, पण उच्चार बरोबर. माझी आई कन्नड घरातली. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, कोण आलंय म्हणून.

फोटोंचं वर्णन, ज्याला आल्ट टेक्स्ट म्हणतात, त्यात पहिल्या फेरीत अति झालं. आधी काहीच नव्हतं, "आयएमजी अंडरस्कोर दोन शून्य तीन चार", मी तक्रार केली तर एवढं मनावर घेतलं की प्रत्येक चित्राला वर्णन, पानाच्या कडेची नक्षी सुद्धा. एका पानावर मी ११ वेळा "कमळाचे सुंदर डिझाइन" ऐकलं. अकरा! नुसती सजावट असेल तर तिथं वर्णन रिकामं ठेवायचं असतं, म्हणजे स्क्रीन रीडर तिला वगळून पुढं जातो. हे सांगितल्यावर कमळं गेली.

पण गड्ड्याच्या यात्रेच्या फोटोंना त्या पोरीनं जे लिहिलंय त्याला तोड नाही. सिद्धरामेश्वरांची सोलापूरची यात्रा, जानेवारीत, सात नंदीध्वज म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, तुम्हाला माहीतच आहे. आधी तिने लिहिलं होतं "यात्रेचा फोटो". मी म्हणलं फोटो आहे हे मला कळलं, त्यात काय आहे? मग तिने समोर बसून एकेक फोटो बघत बोलायला सुरुवात केली आणि मी थांबवायचो, हे लिही, हे नको. आता एकाचं वर्णन असं आहे: "पांढरी बाराबंदी घातलेला तरुण नंदीध्वजाचा भार कमरेवर पेलतोय, मान मागे, डोळे वर काठीच्या टोकाकडे, मागचे चौघे हात पसरून तयार." मी हे स्वतः बघितलेलं आहे, वडिलांच्या खांद्यावर बसून, अक्षता टाकायच्या दिवशी, सम्मती कट्ट्याजवळच्या गर्दीत. मागच्यांचे हात असे पसरलेले असतात हे मी साफ विसरलो होतो.

रंगावरून कमिटीत जी जुंपली ती वेगळीच. केशरी पट्टीवर पांढरी अक्षरं, वर्षानुवर्षं, आणि आज्ज्यांना ती वाचता येत नव्हती, दुपारच्या उन्हात तर कुणालाच नाही, आणि सोलापूरचं ऊन म्हणजे काय सांगायला नको. रंगांमधला फरक १ ते २१ असा मोजतात, पांढऱ्यावर काळं म्हणजे २१, आणि साध्या मजकुराला निदान साडेचार पाहिजे. आमच्या केशरीवर पांढरं मोजलं तर २.१ आलं. पोरं म्हणाली केशरी काढू. झालं, सगळे उठले, केशरी काढायचं म्हणजे काय? मला तर रंगाशी घेणंदेणं नाही, मी मजा ऐकत बसलो होतो. मग त्या दुसऱ्या पोरानं केशरी तसंच ठेवलं आणि अक्षरं गडद मरून केली, ते ५.१ आलं. पास. आता मठाचे फ्लेक्स पण मरून अक्षरात छापायला लागलेत असं ऐकतो.

बाकीचं भराभर सांगतो. बटणं मोठी केली, लूमवाल्या दोस्तानं स्वतः बसून दाबून बघितली, गाइडलाइनची नवीन आवृत्ती २०२३ ची आहे त्यात बटण कमीत कमी २४ पिक्सेलचं पाहिजे असं आहे, पोरांनी ४४ चं केलं, चांगलं केलं. पानाला हेडिंग नीट लावलेत, मी कीबोर्डवरचं एच दाबत एका हेडिंगवरून दुसऱ्यावर उडी मारत पाच सेकंदात कार्यक्रमापर्यंत जातो, आधी सगळी पायरी न् पायरी चढायला लागायची. आरती आता आपोआप वाजत नाही, बटण आहे, पाहिजे त्यानं लावावी, मी रोज लावतो गंमत बघा. "उपरोक्त सेवाशुल्क अदा केल्यानंतर" असलं मराठी काढून "पैसे भरल्यावर" केलंय. वचनांच्या पानाला अक्षर दुप्पट मोठं केलं तरी ओळी एकमेकींवर चढत नाहीत. प्रवचनाच्या व्हिडिओंना खाली अक्षरं टाकायला सुरुवात केलीय, कॉलेजची चार पोरं टाइप करतात, एका प्रवचनाला दोन दोन रात्री जातात, मशिन विसरणारे काका ती अक्षरं वाचत बसतात आणि मध्येच मोठ्यानं "बरोबर!" म्हणतात. साइन लँग्वेज नाही अजून.

एक पान मात्र मला फार आवडलं आणि त्याला तांत्रिक असं काहीच लागलं नाही. "मठात कसे यायचे" या पानावर आधी नकाशाचा फोटो होता फक्त. आता लिहिलंय की पुढच्या दाराला पाच पायऱ्या आहेत, रॅम्प मागच्या गल्लीत आहे, गेटला दिवसा कुलूप नसतं, चपला काढून आत आल्यावर दहा पावलं फरशी मग उंबरा, उंबरा चार इंच, व्हीलचेअरला तिथं एक माणूस लागेल, टॉयलेट अजून व्हीलचेअरचं नाही. नाही ते नाही म्हणून लिहिलंय! हे वाचून बाळे गावातून एक ताई व्हीलचेअरवर आल्या, आधी फोन न करता, त्या म्हणाल्या की उंबऱ्याचं वाचून मुलाला सोबत आणलं.

आता मुख्य. श्रावणाच्या आधीच्या आठवड्यात रात्री साडेअकराला, घरचे झोपल्यावर, इअरफोन लावून मी साइट उघडली. अभिषेक, आईच्या नावाने. नाव, गाव, तारीख लिहिली, रक्कम टाकली, किती ते नाही सांगणार, ओटीपी आला, टॉकबॅकनं वाचला, टाकायला वेळ पण पुरेसा होता, आधी वेळ संपायचा आणि सगळं पहिल्यापासून. "तुमचे पैसे मिळाले, आभार." सात मिनिटं. मग दासोहाची नावनोंदणी. कामांची यादी आली, वाढप, भांडी, चपला स्टँड, भाजी चिरणे, शेंगा फोडणे. मी शेंगा फोडणे निवडलं. त्याला डोळे लागत नाहीत, आणि चटणीला शेंगा किती लागतात ते सोलापुरात कुणाला सांगायचं!

दुसऱ्या सोमवारी गेलो. दारातच एकानं हात धरला, "या मालक, बसा इकडं, ताट आणून देतो." म्हणलं माझं नाव लिस्टमध्ये बघा. कागद चाळल्याचा आवाज. "अरे हो की... शेंगा." थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग सुपात शेंगा आल्या आणि मी दोन पायली फोडल्या, शेजारचे अण्णा माझ्यापेक्षा हळू होते आणि बोलत जास्त होते. टरफलं सगळीकडे, माझीच जास्त म्हणे.

आता तक्रारी. एक म्हणजे साइट ताब्यात दिल्यावर कमिटीची पोरं परत जुन्या वळणावर जायला लागलीत. कार्यक्रमाची माहिती लिहायच्या ऐवजी व्हॉट्सअॅपवर आलेला बॅनरचा फोटो चढवतात, त्यातच तारीख, त्यातच वेळ, त्यातच पाहुण्यांचं नाव, आणि माझ्यासाठी फक्त "ग्राफिक". दुकानवाल्यांनी शिकवायला एकच बैठक घेतली, ती पण दीड तासाची, त्यात अर्धा तास चहा. दोन तीन बैठका घ्यायला पाहिजे होत्या, आणि फोटो चढवताना वर्णन नसेल तर पुढं जाऊच द्यायचं नाही असं सिस्टिममध्येच करता आलं असतं. करतो म्हणालेत. बघू.

दुसरं, वार्षिक कार्यक्रम पत्रिका. ती प्रेसमध्ये जुन्या फॉन्टात जुळवलेली असते, युनिकोडच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर मराठी लिहायच्या आताच्या पद्धतीच्या, आधीच्या, त्या फॉन्टात डोळ्याला "श्रावण" दिसतं पण आत खरी इंग्लिश अक्षरं आणि चिन्हं असतात, तो फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा वेष घालतो. स्क्रीन रीडरला वेष दिसत नाही, तो आतलं वाचतो, कंस, स्वल्पविराम, डॉलर, कंस. पोरांनी यावर्षीची पत्रिका युनिकोडमध्ये परत टाइप करून दिली, मागची नऊ वर्षं तशीच आहेत. पैसे जास्त लागतील म्हणाले, कबूल, लागतीलच.

पण स्टार कापला तो पावतीसाठी. त्या रात्री पैसे भरल्यावर पावतीची पीडीएफ आली. सगळं मी केलेलं, कुणाला न विचारता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, पीडीएफ उघडली आणि टॉकबॅक म्हणाला, "कंस, के, डॉलर, एस, स्वल्पविराम, एस." पावतीचा साचा जुन्या साइटवरून तसाच उचललाय, त्याला कुणी हातच लावला नाही. आईचं नाव बरोबर छापलंय का ते कळायला सकाळी भाच्याला पाठवावी लागली. तो म्हणाला, "नाव बरोबर आहे मामा. पण एवढे पैसे?"